पाय धुऊन आत यावे

वाचनालयात नोकरी केली असं सांगितलं की लोक दोन गोष्टी धरून चालतात. बाईंनी जन्मभर पुस्तकं वाचली असणार, आणि बाईंना काम फारसं नसणार. खरं तर ग्रंथपालाचा दिवस फडकं, डिंक आणि तक्रारी यांत जातो. पुस्तक सलग वाचायला मिळतं ते आजारपणाच्या रजेत. मी पहिल्यापासून धडधाकट, त्यामुळे माझं वाचन बेताचंच राहिलं.

आमचं गाव एरंडोल आणि भडगाव यांच्या मधलं, आठवडी बाजाराचं. नाव सांगत नाही, कारण यातली काही मंडळी अजून भेटतात आणि किराणा मला तिथूनच घ्यायचा असतो. ऐंशीच्या सुमाराला मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात लागले. तिशीसुद्धा गाठली नव्हती, पण पहिल्याच आठवड्यात एका पेन्शनर गृहस्थांनी मला 'अक्का' म्हटलं आणि गावाने ते उचललं. आपल्या दुप्पट वयाची माणसं अक्का म्हणू लागली की बाईने समजावं, इथे आपला राग चालेल, रुसवा चालणार नाही.

धंद्यातल्या दोन-चार गोष्टी सांगते. पुस्तक आलं की त्यावर शिक्का मारायचा. पहिल्या पानावर सगळेच मारतात, पण चोर पहिलं पान फाडतो. म्हणून प्रत्येक वाचनालयाचं आतलं एक गुप्त पान ठरलेलं असतं आणि प्रत्येक पुस्तकाच्या त्या पानावर दुसरा शिक्का असतो. आमचं पान कोणतं ते मी निवृत्त झाल्यावरही कोणाला सांगितलेलं नाही. वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं ते अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे. आम्ही 'क' होतो. तपासणीला साहेब यायचे, वीस वर्षं 'ब' होण्याची आशा दाखवायचे आणि चहा घेऊन जायचे.

मघाशी सांगितले ते पेन्शनर गृहस्थ म्हणजे निवृत्त तलाठी, आबा. कादंबरी घेऊन जायचे आणि परत आणताना समासात पेन्सिलीने हरकती नोंदवून आणायचे. 'सुरुवातीला नायकाची जमीन आठ एकर, शेवटी पाच. मधली तीन कोणाच्या नावावर गेली?' मी खोडरबर घेऊन बसायची. त्यांना म्हटलं, आबा, हे गोष्टीचं पुस्तक आहे, सातबारा नाही. ते म्हणाले, "अक्का, जमीन ती जमीन." लेखकांना त्यांच्या हरकती कळवाव्यात असं मला पुष्कळदा वाटलं, पण राहून गेलं.

गावाच्या नाल्यापलीकडे वस्ती होती. बहुतेक बौद्ध घरं. पुरुष बाजार समितीत हमाली करायचे, बाया केळीच्या बागांत आणि कापसाच्या जिनिंगमध्ये जायच्या. तिथली मुलं वाचनालयात येत नसत, कारण आई-बाप सभासद नव्हते. मी रविवारी सकाळी सगळ्या मुलांना दार उघडं ठेवायला लागले. मुलं पुस्तकांसाठी आली नाहीत, पंख्यासाठी आली. मला त्याचं काही वाटलं नाही. पंख्याखाली बसलेलं पोर किती वेळ नुसतं बसणार? हात शेवटी कपाटाकडे जातोच.

त्यांच्यात सुजाता होती. सुकदेवभाऊ हमालांची मुलगी, पाचवीत. वाचताना बोट ओळीखाली आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. हळू वाच म्हटलं की हळू म्हणजे सावकाश असं समजून तितक्याच मोठ्याने सावकाश वाचायची. आबा पेपर खाली ठेवून म्हणायचे, "या पोरीला रेडिओवर पाठवा." पण ती नसली की विचारायचेही तेच.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे संगणक आला. दिला नानांनी. नाना म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, धान्याचे आडते. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले. वडिलांच्या स्मरणार्थ काय द्यावं याचा त्यांनी बराच विचार केला. पाण्याची टाकी दुसऱ्याने दिली होती, घड्याळं तीन होती. मुंबईला असलेल्या भाच्याने संगणक सुचवला. आमच्या कौलारू वाचनालयाला तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आबा म्हणाले, यापेक्षा एक पेपर वाढवा.

नाना मितभाषी गृहस्थ. पांढरं धोतर, काळे बूट आणि ऐन उन्हाळ्यातही मोजे. खानदेशचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना कळेल मी काय म्हणते ते. कोणी विचारलं तर वाताचा त्रास आहे म्हणायचे. मांडी घालून बैठकीला बसले तरी बूट काढायचे, मोजे नाही.

उद्घाटन दसऱ्याला झालं. आमच्याकडे दसऱ्याला तराजूपासून ट्रॅक्टरपर्यंत जे जे पोट भरतं त्या सगळ्याची पूजा होते. संगणकाचीही झाली, आणि ती पडद्याची नाही, कळफलकाची. सगळ्यांचं म्हणणं पडलं की काम हाताने होतं, तर पूजा हाताखालच्या भागाची हवी. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, वर नारळाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी एकही कळ खाली जाईना. जळगावहून इंजिनियर आला. त्याने कळफलक उलटा करून टेबलावर आपटला तेव्हा मूठभर तांदूळ पडले. तो म्हणाला, "बाई, भात होईल एवढा आहे."

मग त्याने समितीला अर्धा तास झापलं. फूल नको, कुंकू नको, पाणी नको, आणि धूळ तर मुळीच नको, धूळ म्हणजे याचं विष. खोलीत हिरवी चटई अंथरा आणि चपला बाहेर काढा. मी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली, 'चपला बाहेर काढाव्यात.' देवळासारखी पाटी झाली असं कोणीतरी म्हणालंही, पण गमतीने.

त्या यंत्रात एक कासव होतं. म्हणजे पडद्यावर एक त्रिकोण, त्याला कासव म्हणायचं. कळा दाबून त्याला पुढे इतकं जा, उजवीकडे इतकं वळ असं सांगितलं की ते जाताना रेघ काढायचं. चार वेळा पुढे जाऊन चार वेळा वळलं की चौकोन. वस्तीतली पोरं पहिल्यांदा आत आली तेव्हा सुजाताने पडदा निरखून विचारलं, "अक्का, याना पाय कोठे शेत?"

म्हटलं, "कासव आहे. आत ओढून घेतलेत."

"मंग चालस कसा?"

"तू सांगशील तसं."

हे तिला पटलं असावं. मी पुठ्ठ्याची कार्डं केली. प्रत्येक कार्डावर मराठीत एक काम लिहिलेलं आणि खाली कोणत्या कळा दाबायच्या ती इंग्रजी अक्षरं. दोघादोघांची जोडी. एकाने कार्ड मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कळा दाबायच्या, मग उलट. ज्याला वाचता येत नाही त्याचं कासव जागचं हलत नाही. शाळेत तीन वर्षं अडलेली पोरं माझ्याकडे तीन महिन्यांत वाचायला लागली. यात शिक्षणशास्त्र काही नव्हतं. कासव हलायला हवं होतं, एवढंच. सुजाता पुढे स्वतःच कार्डं लिहायला लागली. तिचं एक होतं, 'कासवाला घर बांधून दे. दार पण ठेव.' ते करताना मोठमोठी मुलं रडकुंडीला यायची.

मग पावसाळा आला. आमच्याकडची काळी माती ओली झाली की पायाला अशी धरते की चालणाऱ्याचं वजन वाढतं. बाजारपेठेतली मुलं चपला-बूट बाहेर काढून स्वच्छ पायांनी आत यायची. वस्तीतल्या मुलांना काढायला काही नव्हतं. ती नाला ओलांडून यायची ती घोट्यापर्यंत चिखल घेऊन. एका रविवारी हिरवी चटई काळी झाली. समितीची बैठक झाली आणि ठरलं की ज्यांच्या पायात काही नाही त्यांनी दाराजवळच्या नळावर पाय धुऊन आत यावं. कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. मी स्वतः नळाखाली फरशी बसवून घेतली आणि वर पाटी लावली. मला ती सोय वाटली.

तीन-चार रविवार मुलांनी पाय धुतले, मजेने धुतले, एकमेकांवर पाणी उडवलं. नंतर एका संध्याकाळी सुकदेवभाऊ आले. उंच, रुंद माणूस, खांद्यावर रुमाल. कामावरून परस्पर आले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"अक्का, मी भांडाले येल नही," ते म्हणाले. "एक विचारनं शे. त्या खोलीमा जावाले पाय कोन कोन धवस?"

"आत जाणारी मुलं."

"बठ्ठा?"

"सगळी नाही, ज्यांच्या पायाला चिखल असतो ती."

"चिखल कोना पायले ऱ्हास?"

मी यंत्राचं सांगितलं, धुळीचं सांगितलं, इंजिनियरने झापलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमना बाप देवळना बाहेर उभा ऱ्हाये. आमी देऊळ सोडी दिनं, पुस्तक धरं. आते पुस्तकना घरमा बी पायच दखतस?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता. ते वळले आणि जाताना म्हणाले, "आते पोरले धाडस नही मी."

पुढच्या रविवारी सुजाता आली नाही. तिच्या मागोमाग वस्तीतली बाकीची मुलंही गळाली. आबांनी चौकशी केली, मी काहीतरी सांगितलं. तिच्या जोडीदाराने घराचं कार्ड एकट्याने करून पाहिलं; भिंती आडव्या गेल्या आणि त्याने नाद सोडला. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त माझाच संताप आला, कारण पाटीवरचं अक्षर माझं होतं आणि चांगलं वळणदार होतं.

ती पाटी मी काढली आणि दुसरी लावली. 'सर्वांनी पाय धुऊन आत यावे.' समितीला विचारलं नाही. पहिल्यांदा मीच चपला काढून नळाखाली पाय धरले आणि मग आत गेले. बाजारपेठेतली मुलं हसली आणि रांगेत उभी राहिली. मुलांना पाण्याचं निमित्तच हवं असतं.

बाजार समितीत जाऊन सुकदेवभाऊंना सांगितलं. ते पोत्यांची थप्पी लावत होते. पोतं खाली ठेवून त्यांनी घाम पुसला.

"बठ्ठा?"

"सर्व म्हणजे सर्व."

"शेठ बी?"

शेठ म्हणजे नाना. हे मी धरलंच नव्हतं. नाना महिन्यातून एकदा यायचे, पाहुण्यांना संगणक दाखवायला. बूट काढून मोज्यांनिशी आत जायचे. संगणक त्यांचा, अध्यक्ष ते, माझी नोकरी त्यांच्या सहीने.

"शेठ बी," मी म्हटलं.

"दखू," म्हणाले आणि पोतं पाठीवर घेतलं. मला कळलं की सुजाता आत येणार की नाही हे आता नानांच्या पायांवर अवलंबून आहे.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर नाना जळगावचे दोन पाहुणे घेऊन आले. त्या दिवशी मार्केट बंद असतं. सुकदेवभाऊ फाटकाजवळच्या निंबाखाली उभे होते, शेजारी सुजाता, शाळेच्या गणवेशात. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हटकलंही नाही.

पाहुण्यांनी पाटी वाचली. एक जण म्हणाला, वा, छान शिस्त आहे, आणि पँट वर करून पाय धुतले. दुसऱ्यानेही धुतले. नानांनी बूट काढले आणि सवयीने पाऊल उचललं. मी दारात उभी होते. 

"नाना, पाय," मी म्हटलं.

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग खाली मोज्यांकडे. इतका वेळ पाहिलं की पाहुणे आतून वळून बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता. बाजारात मूल हरवल्यावर बाया इकडेतिकडे बघतात तसं काहीतरी होतं.

"मी इथंच थांबतो अक्का," ते म्हणाले. "तुम्ही दाखवा त्यांना."

ते पुन्हा बूट घालून ओट्यावर खिडकीशी उभे राहिले. मी आत पाहुण्यांना कासव दाखवलं. माझं लक्ष इतकं बाहेर होतं की चौकोनाला पाचवी बाजू आली. बाहेर येऊन पाहिलं तर निंबाखाली कोणी नव्हतं. संपलं, असं मला वाटलं. शेठने पाय धुतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नाना दुकानात जाताना थांबले. "तो नियम समितीचा की तुमचा?"

"माझा."

"समितीत मांडायला हवा होता."

"मांडते."

त्यांनी जरा विचार केला. "नको. मांडला की चर्चा होते. राहू द्या तसाच."

आणि त्याच रविवारी सुजाता आली. नळाशी बाजारपेठेतल्या दोन मुलांच्या मागे रांगेत उभी राहिली. वडील काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, "बाबा म्हने, शेठनी पाय धवा नही, पन मंग आत बी गया नही. आते जा." माझी पाटी खरी की खोटी एवढंच त्यांना बघायचं होतं. आठवड्याभरात बाकीची पोरंही परतली, आणि आबांना पुन्हा कोलाहलाची तक्रार करायला मिळाली.

नाना मात्र त्यानंतर कधी आत आले नाहीत. महिन्याला यायचे, खिडकीचे गज धरून उभे राहायचे. संगणकाच्या टेबलावर लावलेली आपल्या वडिलांच्या नावाची पितळी पट्टी बाहेरून बघायचे. गावात बोललं जायला लागलं की अक्काने शेठला बाहेर उभं केलं. काहींना ते आवडलं, काहींना नाही. मला नाही आवडलं. कोणालातरी बाहेर उभं करण्यासाठी मी ती पाटी लावली नव्हती. त्यांनी मोजे काढायला काय हरकत होती, असं मनात म्हणायची आणि थोडा रागही धरायची.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस भर दुपारी, वाचनालय बंद असण्याच्या वेळात, मी शेल्फ झाडत होते. सुजाता कासवाच्या खोलीत नवी कार्डं लिहीत बसली होती. तिला तेवढी मुभा मी दिली होती. बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला. पाहिलं तर नाना. एकटेच. ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी मोजे काढले होते आणि पाय पाण्याखाली धरले होते.

दोन्ही पावलांवर, घोट्याच्या वरपर्यंत, पांढरे डाग होते. कोड. त्याने कोणाला काही होत नाही हे आज शाळेतलं पोर सांगेल. पण आमच्या गावात कोड असलेल्या घरची मुलगी करताना लोक सात वेळा विचार करायचे, आणि नानांच्या घरात दोन नाती लग्नाच्या होत्या. इतक्या वर्षांचे ते मोजे, तो वात, सगळं माझ्या एकदम ध्यानात आलं. मी कपाटाआड झाले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, आणि खोलीत कोणी असेल असंही त्यांना वाटलं नसावं.

ते ओल्या पायांनी दारात गेले आणि सुजाताला पाहून थबकले. तिने वर पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे पाहिलं. तिथून मला तिचा चेहरा दिसत होता, त्यांची पाठ दिसत होती. ती गावभर ऐकू जाईल अशा आवाजाची मुलगी. मी कपाटाआडून पुढे झाले नाही. नानाही दारातच उभे राहिले.

सुजाताने दाराशेजारच्या खिळ्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पाय पुसा, नाना," ती म्हणाली. "चटई ओली व्हस."

नानांनी टॉवेल घेतला. एका हाताने दाराची चौकट धरून एकेक पाय नीट पुसला, आणि आत गेले. तिने बाकावर सरकून जागा करून दिली, एक कार्ड उचललं आणि नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. हळू वाच, असं त्या दिवशी मी म्हटलं नाही. त्या दोन्ही नातींची लग्नं मोठ्या थाटात झाली, आणि नानांच्या पायांबद्दल ते असेपर्यंत गावात एक शब्द कोणाच्या कानावर आला नाही.